डिप

पानेवाडीच्या डेपोत एकतीस वर्षं
मी टाक्यांवर चढलो.
ब्याऐंशी पायऱ्या, पहाटे, ऊन चढायच्या आत,
कारण उन्हात डिझेल फुगतं
आणि फुगलेल्या आकड्याखाली सही करायची नसते,
हे पहिल्याच आठवड्यात सातपुते साहेबांनी शिकवलं.

पोलादी फीत, पितळी लंबक,
लंबकाला बोटभर मलम,
मोहरीच्या रंगाचं, पाणी लागलं की लाल होणारं.
फीत तळाला टेकली की हाताला कळतं,
अंधारात पाय उंबऱ्याला लागावा तसं.
मग वर ओढायची, वाचायचं, ओरडायचं :
"नऊ हजार दोनशे सोळा! पाणी अकरा!"
खाली टँकरच्या सावलीत उस्मान तांबोळी
मटक्याचा आकडा लागल्यासारखी टाळी वाजवायचा.

आता जेलरोडला दुसरा मजला, एकोणीस पायऱ्या.
गुडघ्यांना तेवढ्याही पुरतात.
निवृत्तीच्या पैशातून तीनशे चाळीस शेअर घेतले,
ज्या तेलाचा वास शैलाने एकतीस वर्षं
शर्टांतून धुऊन काढला, त्याच तेलाचे.
"आता वास नाही, नुसता पैसा," ती म्हणाली.
कौतुकाने की कसं, विचारलं नाही.

परवा क्रूड चढलं.
कुठल्याशा सामुद्रधुनीत जहाजं अडली
आणि माझ्या फोनवर हिरवा बाण उभा राहिला.
शैलाला म्हटलं, चल, मिसळ खाऊ.
तिथेच उस्मानचा फोन : पोराचा टेम्पो,
नाशिकरोड ते दादर, गुलाब आणि निशिगंध,
भाडं तेच, डिझेल वर.
"तुझं काय चाललंय?"
"बरं चाललंय," म्हणालो,
आणि तर्रीचा तवंग चमच्याने
बाजूला सारत राहिलो.

वार्षिक अहवाल मी छापीलच मागवतो.
वैदेही निकुंभ, आमची सब-ब्रोकर, हसते :
"काका, लाभांश बघा न् मिटून ठेवा."
पण मला तळ बघायची सवय.
पान एकशे त्रेचाळीस, मुंगीएवढी अक्षरं :
जुन्या विहिरींतून दहा पिंपं उपसली
तर आठ पाण्याची.
पाणी आठ, मी मनातल्या मनात ओरडतो.
घाईने उपसावं, तर दाब जातो,
दाब गेला की उरलेलं तेल खडकातच बसतं
रुसलेल्या जावयासारखं.
नवी विहीर खोदावी, तर तिथला पैसा
सवासहा रुपये शेअरमागे
आम्हा तीनशे चाळीसवाल्यांना कुठून द्यायचा?
आणि नाही खोदली, तर किती वर्षं सवासहा?
समोरच्या पानावर गुळगुळीत फोटो :
भर समुद्रात नको असलेला वायू जळतोय,
खाली ओळ, "स्वच्छ उद्यासाठी".
शैलाने नेमका त्या ज्योतीवर
आपला चष्मा काढून ठेवला होता.

मतदानाचा ई-मेल आला.
ठराव दोन, लाभांश. अनुकूल? प्रतिकूल?
डेपोत हे नव्हतं. फीत सांगेल तो आकडा.
मला कुणी मत विचारलं नाही कधी,
मीही पाजळलं नाही.
बोट बराच वेळ काचेवर अधांतरी.
मग अनुकूल दाबलं.
खोटं कशाला बोलू,
पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे.

संध्याकाळी औषधं आणायला निघालो
तर उड्डाणपुलाच्या चढावर स्कूटर बंद.
मागे हॉर्न, रिक्षावाल्याच्या शिव्या.
मी ती डाव्या अंगावर आडवी केली,
कानाकोपऱ्यातलं पेट्रोल नळीत उतरावं म्हणून.
आमच्या पिढीला एवढं येतं.
दोन किका, तिसरी, चौथी.
लागली.

पंप बिटको चौकाच्या पुढे.
उतार येईपर्यंत मी
श्वाससुद्धा जपून घेतला.